पुरुषवेषाची ऐट

पॅरिस येथें १८०० सालीं पोलिसांचा एक हुकूम निघाला, कीं ज्या स्त्रीस पुरुषाचा पोशाख करावयाचा असेल तिनें आधीं परवाना काढावा. जॉर्ज सँड या टोपणनांवानें लिहिणाऱ्या लेखिकेनें १८३१ च्या सुमारास हा हुकूम न जुमानतां लांब कोट, पाटलोण आणि भक्कम बूट चढविले. रस्त्यांतून निर्वेध हिंडावें आणि नाटकगृहांत पुरुषांच्या स्वस्त जागीं बसावें, एवढाच तिचा हेतु. रोझा बॉनर या चित्रकर्त्रीनें जनावरांच्या बाजारांत वावरतां यावें म्हणून रीतसर परवाना मिळविला. तिचा १८५७ सालचा परवाना प्रसिद्धच आहे. हा हुकूम केव्हांच निर्जीव झाला असल्याचें फ्रेंच सरकारनें जाहीर केलें तें थेट २०१३ सालीं!

या हकीकती वाचल्या म्हणजे आपल्याकडील पुरुषवेषधारी स्त्रियांसही त्याच मापानें मोजण्याचा मोह होतो. तो आवरावा असें आम्हांस वाटतें. युरोपांतील स्त्रीचा घोळदार झगा तिची चाल अडवीत असे. मराठी स्त्रीच्या नऊवारीला कासोटा होता. शेत, घाट व घोड्याची पाठ, तिन्ही ठिकाणीं तो तिला पुरे पडे.

याची साक्ष एका इंग्रज बाईनेंच देऊन ठेविली आहे. कोल्हापुराजवळील कागलच्या घाटगे घराण्यांतील बायजाबाई ही दौलतराव शिंद्यांची राणी. १८२७ सालीं तिला वैधव्य आलें. पुढें सहा वर्षें राज्यकारभार पाहून १८३३ सालीं तिला ग्वाल्हेर सोडावें लागलें. १८३५ सालीं तिचा मुक्काम फत्तेगडास असतां फॅनी पार्क्स ही प्रवासिनी तिला भेटली. एका बाजूस दोन्ही पाय टाकून घोड्यावर बसण्याची इंग्रजी तऱ्हा पाहून मराठमोळ्या मंडळींस हंसूं आलें. मग पार्क्सबाईंनीं मराठी लुगडें नेसून, दोन्हीकडे रिकिबी घेऊन घोडा पिटाळला, आणि इंग्लंडांत ही सोयीची बैठक मोडल्याबद्दल एलिझाबेथ राणीला मनांतल्या मनांत बोल लाविला.

तेव्हां घोडदौडीसाठीं पायजमा घालण्याची मराठी राणीस गरज नव्हती. असें असतां झांशीच्या लक्ष्मीबाईनें तो कां घातला?

येथें पुन्हा बायजाबाईचा धागा लागतो. तिनें योजिलेल्या यज्ञाची वार्ता ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस निघाले आणि सत्तावनच्या वणव्यांत सांपडले. चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ हें त्यांचेंच कथन. भटजींची नजर मोठी बारीक. राणी कधीं स्त्रीवेषांत असे, कधीं पुरुषवेषांत, असें सांगून ते दोन्ही वेषांचें वर्णन करतात. पुरुषवेष म्हणजे पायजमा, अंगांत बंडी, डोक्यास टोपी व तीवर तुऱ्याचा फेटा, कमरेस जरीचा दुपट्टा आणि त्यांत तलवार. स्त्रीवेष म्हणजे पांढरें वस्त्र व मोजके दागिने, नथ नाहीं.

हीं दोन वर्णनें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत. गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरांत निवर्तले. तेव्हांपासून स्त्री म्हणून तिच्या वांट्यास पांढरा रंग आला. जर, तुरा, फेटा, सारी ऐट पुरुषवेषांत आहे. विधवेला जें जें वर्ज्य, तें तें राज्यकर्त्यास शोभणारें. दत्तक मुलाच्या नांवानें राज्य चालविणाऱ्या राणीनें राज्यकर्त्याचा वेष उचलला, आणि त्याबरोबर तिला रंगही परत मिळाला. हा अर्थ आम्ही लावीत आहों, गोडसे लावीत नाहींत. परंतु १८५८ च्या जूनमध्यें ग्वाल्हेरीजवळ ती पडली तीही स्वाराच्या वेषांत, ही गोष्ट इंग्रजांच्या लिखाणांतही आली आहे.

आतां जें म्हणावयाचें तें थोडें कटु आहे. हा फेटा राज्याधिकाराबरोबर आला होता. ज्यांना राज्य नव्हतें त्यांना तो कोण बांधूं देणार? ज्या घरांच्या दिवाणखान्यांत तुरेदार राणीचें चित्र कौतुकानें लागलें, त्यांतल्या कित्येक घरांच्या माजघरांत केशवपन केलेली एखादी आत्याबाई लाल आलवणांत बसलेली असे. मुलें चित्राचा पराक्रम ऐकत, आणि आत्याबाई मात्र शुभकार्याच्या वेळीं आड होत. पुरुषवेषानें एका विधवेची सुटका केली. विधवेच्या वेषाला त्यानें धक्का लाविला नाहीं.

तो धक्का कोल्हापुरांत दुसऱ्याच मार्गानें बसला. शाहू महाराज जन्मानें कागलच्या घाटग्यांचेच. १९१७ सालीं त्यांनीं आपल्या संस्थानांत विधवाविवाहास कायद्याची मान्यता दिली. पुढच्याच वर्षीं धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारींतील अपघातांत गेले, आणि त्यांची अल्पवयी पत्नी इंदुमती विधवा झाली. कायदा करणाऱ्याच्या घरींच प्रश्न येऊन उभा राहिला! महाराजांनीं सुनेस पडद्याआड न कोंडतां सोनतळी येथें तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. लक्ष्मीबाईस बाहेर येण्यासाठीं आपला वेष पालटावा लागला. या मुलीच्या हातीं तिच्या स्वतःच्याच वेषांत पुस्तक आलें. ऐट कोणत्या वेषाची मोठी, तें वाचकांनींच ठरवावें.