कळा आणण्याचा इतिहास

सह्याद्रीच्या बाजूस पावसाळ्यांत कुंपणांवर एक वेल फुलते. तिच्या तांबड्या-पिवळ्या पाकळ्या ज्वाळेप्रमाणें वर वळलेल्या असतात. संस्कृत निघंटूंत तिला लांगली, अग्निशिखा व गर्भनुत् अशीं नांवें आहेत. मराठींत तिला कळलावी म्हणतात. ती घरांत आणली असतां भांडणें लागतात, अशी समजूत ह्या नांवाभोंवतीं वाढली. परंतु सुईणींच्या हातीं तिच्या कंदाचा उपयोग अडलेल्या बाईस कळा याव्या म्हणून लेप देण्याकडे होत असे. तेव्हां रुग्णालयांत आज ज्यास ‘कळा आणणें’ म्हणतात, तो विचार आपल्या भाषेस नवा नाहीं. त्यांत नवें काय आहे, हेंच येथें पाहावयाचें आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत ह्याच संबंधीं एक वाद नमूद आहे. कळा येऊनही मूल होत नसल्यास बाईनें उठून उखळांत मुसळानें धान्य कांडावें, असें कांहींचें मत होतें. भगवान् आत्रेयांनीं तें खोडून काढलें. ऐन प्रसूतीच्या वेळीं स्त्रीचें शरीर नाजुक झालेलें असतें; तेव्हां तिला मुसळ उचलावयास लावणें म्हणजे तिच्या जिवाशीं खेळणें होय, असा त्यांचा अभिप्राय. तिनें सावकाश फिरावें, औषधी चूर्ण हुंगावें, आणि कळ आलेली नसतां जोर करूं नये, एवढेंच त्यांनीं सांगितलें. त्या चूर्णांत लांगलीही आहे. १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांनीं पेनसिल्व्हानियांतील स्त्री-वैद्यक महाविद्यालयास जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय हिंदु आर्यांचें प्रसूतिशास्त्र हाच होता, हें वाचकांस ठाऊक असेलच.

युरोपांतही हा प्रश्न धर्मसंकटाचाच होता. ज्या स्त्रीचें कटिर अरुंद, तिचें पूर्ण वाढलेलें मूल सुखरूप बाहेर येणें अशक्य. मग दिवस भरण्यापूर्वींच कळा आणाव्या कीं नाहीं? सुमारें १७५६ सालीं लंडनच्या नामांकित वैद्यांनीं विचारविनिमय करून तसें करणें योग्य ठरविलें. त्यांचा उपाय पाणमोट फोडण्याचा होता. पुढें १८०८ मध्यें अमेरिकेंतील जॉन स्टर्न्स ह्यांनीं ‘राय’ धान्यावरील अर्गट नामक बुरशीची पूड कळा वाढविण्यासाठीं पुढें आणली. कळा आल्या खऱ्या, पण त्या थांबेनात. गर्भाशय आवळलेलाच राही आणि मूल आंतल्या आंत गुदमरे. थोड्याच वर्षांत होसॅक नांवाच्या वैद्यानें बजावलें कीं ही पूड जन्माची नसून मृत्यूची आहे.

कळ आणणें सोपें, आवरणें कठीण, हा धडा त्या काळानें शिकविला. १९०६ सालीं हेन्री डेल ह्यांना मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानें गर्भाशय आकुंचन पावतो असें आढळलें. त्यांतील ऑक्सिटोसिन हें द्रव्य १९५३ मध्यें द्यु व्हिन्यो ह्यांनीं प्रयोगशाळेंत तयार केलें. १९५५ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. हें औषध शिरेंतून थेंबाथेंबानें देण्याची रीत रूढ झाली, आणि तींतच खरी सुधारणा आहे. कारण थेंब कमी करतां येतात, बंदही करतां येतात. तेंच औषध कोणी घरीं एकदम सुईनें दंडांत टोंचील, तर तो पुन्हां अर्गटच्याच वाटेस लागेल.

कळा केव्हां आणाव्या, हेंही शास्त्र हळूहळू ठरत गेलें. येवल्याच्या पैठणीच्या मागावर ताणा नीट लागल्यावांचून विणकर धोटा चालवीत नाहीं. त्याचप्रमाणें गर्भाशयाचें मुख मऊ व तयार आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें. १९६४ मध्यें बिशप ह्यांनीं त्यासाठीं पांच लक्षणांचें गुणपत्रक बसविलें. मुख तयार नसल्यास तें आधीं तयार करावें लागतें. त्यासाठीं फुग्याची रबरी नळी किंवा मिसोप्रोस्टॉलची गोळी वापरतात. ह्या दोहोंची तुलना नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत व डागा रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर स्त्रियांवर झाली, आणि तिचे निष्कर्ष २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकानें छापले. दर दोन तासांनीं २५ मायक्रोग्रॅमची गोळी घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ५७ जणी चोवीस तासांच्या आंत नैसर्गिक मार्गानें प्रसूत झाल्या. नळी लावलेल्यांत हें प्रमाण सुमारें ४७ होतें. आपल्याच प्रांतांतील सामान्य स्त्रियांच्या बाळंतपणांतून जगास ही माहिती मिळाली, ह्याचें मोल थोडें नाहीं.

येवल्यासारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबास ह्या इतिहासाचा उपयोग काय? एक तर, डॉक्टरांनीं कळा आणावयास सांगितलें म्हणजे कांहीं अघटित घडलें, असें समजूं नये. एकेचाळीस आठवडे उलटणें, रक्तदाब वाढणें, दिवस भरल्यावर पाणी जाऊनही कळा न लागणें, अशा प्रसंगीं वाट पाहणेंच अधिक धोक्याचें ठरतें. दुसरें, पंचांगांतील मुहूर्त किंवा पाहुण्यांची सोय हें त्याचें कारण होऊं शकत नाहीं. तिसरें, पूर्वीं पोट चिरून बाळंतपण झालेल्या स्त्रीच्या बाबतींत मिसोप्रोस्टॉलनें जुना व्रण फाटण्याचें भय असतें. तेव्हां ती गोष्ट डॉक्टरांस आधींच सांगितली पाहिजे. चौथें, हें काम जेथें मुलाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतां येतें आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया करतां येते, तेथेंच आरंभावें. कळलावीचा कंद तर विषारी आहे. त्याच्या वाटेस जाऊंच नये.

आणि सर्वांत आधीं त्या स्त्रीस विचारावें. सासूबाई, नवरा, डॉक्टर ह्यांचें एकमत झालें, पण जिला कळा सोसावयाच्या तिला कारण कोणी सांगितलेंच नाहीं, असें आपल्या घरांतून वारंवार घडतें. कळा कां आणावयाच्या, कशानें आणावयाच्या, आणि न आल्यास पुढें काय, हे तीन प्रश्न तिनें निःसंकोच विचारावे व त्यांचीं उत्तरें तिला मिळावीं. आत्रेयांनीं मुसळ बाजूस ठेवावयास सांगितलें तें तिचें शरीर ओळखून. आज तिच्या शरीराबरोबर तिचें मनही ओळखणें, एवढें आपलें काम उरलें आहे.