सोऱ्याच्या पोटातली हवा

आग विझवायची तर तिची हवा तोडावी, हे आपण घरातच शिकतो. कढईतले तेल पेटले की वर झाकण घालावे, ज्वाळा बसते. आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. आमचे रसायनशास्त्र कॉलेजातले नव्हे, फावल्या वेळी पुस्तके चाळून जमविलेले. तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही क्षारांपुढे हे झाकण हरते.

सन १७७० नंतरच्या काही वर्षांत स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल शेले हा तरुण औषधांच्या दुकानात नोकरी करीत होता. पदवी त्याच्यापाशी नव्हती. त्याने सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, खूप तापविला आणि निघालेला वायू पिशवीत धरला. त्या वायूत मेणबत्ती लखलखून जळाली. त्याने त्यास ‘अग्निवायू’ म्हटले. त्याचे पुस्तक १७७७ साली निघाले. तोच आपला प्राणवायू.

सगळी नायट्रेटे एकाच रीतीने फुटत नाहीत. सोरा प्राणवायू सोडतो व मागे नायट्राइट उरते. शिशाचे नायट्रेट तडतडते, तांबूस विषारी धूर सोडते आणि शिशाचे ऑक्साइड ठेवून जाते. चांदीच्या नायट्रेटातून अखेर नुसती चांदी राहते. पण प्राणवायू तिघांतूनही निघतो. म्हणूनच नळीत कोंडलेली बंदुकीची दारू बाहेरच्या हवेवाचून जळते. आणि म्हणूनच ईस्ट इंडिया कंपनीने बिहारचा सोरा जहाजे भरभरून नेला.

शेलेच्या पुस्तकाला १७० वर्षे झाली. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ जहाजाला आग लागली. पोटात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते. त्यात धातू नाही, फुटण्याची रीतही निराळी. पण प्राणवायू त्याच्याही अंगातच. पोत्यांवर खताचे नाव होते, धोक्याची सूचना नव्हती. पाण्याने माल नासेल म्हणून कप्तानाने कोठाराची तोंडे बंद करविली आणि आत वाफ सोडली. हवा तुटली, आग तुटली नाही. वाफेने उष्णता मात्र वाढली. नऊ वाजून बारा मिनिटांनी जहाज उडाले. ५८१ माणसे मेल्याची नोंद आहे. गावच्या २८ स्वयंसेवक बंबवाल्यांपैकी २७ गेले. सन १९५३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले नाही.

श्रोतेहो, विद्या होती. ती गोदीपर्यंत पोहोचली नव्हती. ज्याच्या खांद्यावर पोते, त्याच्या कानी त्या पोत्याचा गुण आधी पडावा, एवढेच आमचे मागणे आहे.