पांढरकवडा व्हाया कलकत्ता

गेल्या शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. शनिवारी सकाळी साडेआठला फक्त बँकवाले आणि नातेवाईक फोन करतात. हा पांढरकवड्याहून होता. मावशीची मुलगी. बारावी झाली, आता कॉलेज निवडायचंय.

"दादा, सांग नं, कोणतं घेऊ? मले इतिहासही पाहिजे अन् कॉम्प्युटरचंही काहीतरी. अन् बाबा म्हणतात, पैसे दोन वर्षांचे हायेत. तिसऱ्या वर्षाचं कापसावर."

आता मी पडलो इंजिनीयर. आमच्या वेळी 'कोणतं कॉलेज' या प्रश्नाचं उत्तर कट-ऑफची यादी द्यायची, आपण फक्त रांगेत उभं राहायचं. इतिहास आणि कॉम्प्युटर एकत्र? आणि तेही दोन वर्षांत? "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि (नेहमीप्रमाणे) भलत्याच वाटेने शोधत सुटलो. तो शोध म्हणजे ही पोस्ट.

सुरुवात अमेरिकेपासून. तिकडे दोन वर्षांच्या पदवीला असोसिएट डिग्री म्हणतात. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी चार वर्षांच्या कॉलेजचे दोन तुकडे केले आणि पहिला तुकडा संपवणाऱ्याला एक छोटी पदवी देऊ केली. १९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावात फक्त पहिल्या दोन वर्षांचं कॉलेज सुरू झालं. कल्पना साधी होती. ज्याला पुढे जायचंय त्याने जावं, ज्याला थांबावं लागतंय त्याने रिकाम्या हाताने घरी जाऊ नये.

हे वाचताना मला एकदम आजोबा आठवले. आईचे वडील. ते स्वतःची ओळख करून देताना नावानंतर लगेच "इंटर पास" म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, ही कुठलीतरी कुस्ती असावी!

तर इंटर म्हणजे इंटरमीजिएट. मॅट्रिकनंतर दोन वर्षं कॉलेज, मग विद्यापीठाची परीक्षा, त्यापुढे आणखी दोन वर्षं बी.ए.ची. त्याआधी याच टप्प्याला एफ.ए. म्हणत. त्या एफ.ए.त इंग्रजी, एखादी अभिजात भाषा, इतिहास आणि गणित हे सगळं एकाच विद्यार्थ्याला करावं लागायचं. आज ज्याला आपण मोठ्या कौतुकाने आंतरविद्याशाखीय म्हणतो, ते तेव्हा सक्तीचं होतं. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर नवे नियम आले आणि कलकत्ता विद्यापीठात आर्ट्स आणि सायन्स हे इंटरचे वेगळे रस्ते झाले. म्हणजे "तू आर्ट्सची, तुला गणित कशाला?" या प्रश्नाचं वय शंभरच्या वर आहे.

आता म्हणाल, पांढरकवड्याचा कलकत्त्याशी काय संबंध? आहे, मंडळी, आहे.

आपला यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. शेजारच्या वणीत १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे कॉलेजसाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पण नागपूरला तेव्हा विद्यापीठच नव्हतं! १८८३ चं हिस्लॉप आणि १८८५ चं मॉरिस ही दोन्ही कॉलेजं कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती. राहायचं नागपुरात, पेपर कलकत्त्याचा. पुढे ही कॉलेजं अलाहाबादकडे गेली. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं, त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज (नंतरचं विदर्भ महाविद्यालय) सुरू झालं. १९८३ मध्ये अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं आणि यवतमाळ जिल्हा त्याच्याकडे गेला. आज पांढरकवड्यात खुद्द शिवरामजी मोघे महाविद्यालय आहे. ज्या गावाच्या पोराला कॉलेजसाठी नागपूरची वाट धरावी लागायची, त्या गावात कॉलेज आलं. ही छोटी गोष्ट नाही.

पण या सगळ्यात इंटरचं काय झालं? १९१७ ते १९ च्या सॅडलर आयोगाने सांगितलं की इंटरची दोन वर्षं विद्यापीठाबाहेर काढा आणि पदवी तीन वर्षांची करा. हे घडायला अर्धशतक गेलं. कोठारी आयोगानंतर सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन आलं. इंटरची जागा अकरावी-बारावीने घेतली. आणि बारावीनंतरची तीन वर्षं झाली एक सलग भिंत. चढलात तर पलीकडे, मध्ये अडकलात तर शून्य.

ही भिंत आमच्या घरात आहे. मावशी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा आजोबा आजारी पडले. तिचं शिक्षण सुटलं, मग लग्न. आज कुठलाही फॉर्म भरताना ती शिक्षणाच्या रकान्यात 'बारावी' लिहिते. हिशोब केला तर ती आजोबांपेक्षा दोन वर्षं जास्त शिकली. पण आजोबांना इंटरच्या कागदावर तहसील कचेरीत कारकुनी मिळाली आणि मावशीच्या दोन वर्षांचा कुठे पुरावासुद्धा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन वर्षं गेम खेळली आणि सेव्हच झाला नाही.

मध्ये एक प्रयत्न झाला होता. २००९ मध्ये इग्नूने कम्युनिटी कॉलेजची योजना काढली, त्यात चक्क असोसिएट डिग्री होती. काही वर्षांत ती गुंडाळली गेली. मग २०२० चं शैक्षणिक धोरण आलं आणि २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांतही लागू झालं. एक वर्ष झालं की सर्टिफिकेट, दोन झाली की डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. श्रेयांक क्रेडिट बँकेत जमा. यूजीसीच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. थोडक्यात, इंटर परत आलं!

रविवारी फोन केला. म्हटलं, नाव बघून कॉलेज घेऊ नकोस. आत जा आणि चार प्रश्न विचार. इतिहास मेजर घेतला तर कॉम्प्युटरचा मायनर किंवा ओपन इलेक्टिव्ह खरोखर शिकवणारं कुणी आहे का, की नुसतं कागदावर आहे? क्रेडिट बँकेचं खातं कधी उघडतात? दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायला जो चार श्रेयांकांचा व्यावसायिक कोर्स लागतो, तो हे कॉलेज घेतं का? आणि परत यायचं झालं तर अर्ज कुठे करायचा? गावातल्या कॉलेजला विचार, मग यवतमाळच्या. दोन्हीकडे सारखी उत्तरं मिळाली तर गावातलं घे. यवतमाळच्या खोलीभाड्याचे पैसे वाचले तर तिसरं वर्ष कापसावर राहणार नाही.

एक गोष्ट मात्र मनात टोचत राहिली. दार असलं की दाखवणारेही भेटतात. "झाला नं डिप्लोमा, आता पुरे" हे वाक्य मुलाला कमी आणि मुलीला जास्त ऐकायला मिळणार. आणि आमच्या क्षेत्रात नोकरीच्या अर्जात 'पदवीधर' हा फिल्टर अजून तसाच आहे, दोन वर्षांचा डिप्लोमा तो ओळखत नाही. म्हणून तिला म्हटलं, दार कुठे आहे ते माहीत असू दे. पण बाहेर पडण्याची तारीख आधीच ठरवून आत जाऊ नकोस.

ती हो म्हणाली. मग फोन मावशीने घेतला. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अन् माझ्या त्या दोन वर्षांचं काही होते का रे?"

जुने श्रेयांक या बँकेत जमा होतील असं काही मला सापडलेलं नाही. पण मुक्त विद्यापीठात वयाची अट नाही, हे तिला सांगितलं. तिने विषय बदलला आणि पाऊस कसा आहे ते विचारलं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. फक्त एक ओळ. फॉर्म कधी निघतात?