मणिकरणची पाच किलोवॅट वीज

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. धोरण नवे आहे, पण विषय बराच जुना. गरम पाण्याच्या झऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी सरकारने १९६६ सालीच एक समिती नेमली होती. पुढे १९७३ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लडाखच्या पुगा खोऱ्यात विंधनविहिरी खोदल्या. त्याच वर्षी खनिज तेलाचे भाव भडकले आणि या कामाला निकड आली.

पुगा सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब इतका कमी, की पाणी ८५ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. म्हणून तेथील झऱ्याचे ८४ अंश तापमान मैदानी माणसाला वाटते त्याहून बोलके आहे: पाणी उकळतच वर येते. या उष्णतेवर तेथे एक लहान खोली ऊबदार ठेवून पाहिली गेली, टाकणखार शुद्ध करण्याचे प्रयोगही झाले.

वीजनिर्मितीचा प्रयोग मात्र हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे झाला, आणि त्याची यंत्रणा आमच्या बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेची होती. विमानांच्या टर्बाइनवर काम करणाऱ्या संस्थेने झऱ्याच्या पाण्यावर टर्बाइन फिरवावे, यात नवल नाही, शास्त्र एकच. झऱ्याचे पाणी थेट टर्बाइनमध्ये न सोडता त्याच्या उष्णतेने सुमारे ४८ अंशांना उकळणारे आर-११३ हे द्रव तापवले जाई आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवी. (हेच रसायन पुढे ओझोनला घातक ठरून मॉन्ट्रियल कराराने हद्दपार झाले.) क्षमता पाच किलोवॅट. थट्टा करण्यापूर्वी आठवावे, की १९०४ साली इटलीतील लार्देरेल्लो येथे भूगर्भातील वाफेवर जे पहिले दिवे लागले, ते अवघे पाच होते.

हा प्रयोग वाढला का नाही? दुर्गमता आणि खर्च ही कारणे खरीच, पण मुळात भौतिकीची मर्यादा आहे. ९० अंशांचे पाणी आणि १० अंशांचा परिसर यांत आदर्श यंत्रही उष्णतेच्या जेमतेम २२ टक्के भागाचे काम करून देते. प्रत्यक्षातले त्याहून बरेच कमी. महत्त्व तापमानाच्या फरकाला असते. अलास्कातील चीना येथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते, कारण थंड करणारे पाणी गोठणबिंदूच्या जवळचे मिळते. कोकणात उन्हवरे येथील झऱ्याचे पाणीही सुमारे ७० अंशांचे. पण तेथे थंड करायला २८ अंशांचे पाणी! आदर्श मर्यादा १२ टक्क्यांवर येते. माझ्या मते कोकणातील झऱ्यांनी विजेपेक्षा पावसाळ्यात आमसुले आणि मासळी वाळवावी.

लडाखला तर उष्णताच हवी आहे. २०२१ मध्ये ओएनजीसीने पुग्यात एक मेगावॅटच्या प्रकल्पासाठी करार केला. पुढच्या वर्षी खोदकामातील पाणी नाल्यात शिरल्याने काम अडले. हा प्रकल्प उभा राहिला आणि कार्यक्षमता दहा टक्के धरली, तर एक मेगावॅट विजेमागे नऊ मेगावॅट उष्णता उरेल. ती वाऱ्यावर सोडायची की आसपासच्या वस्त्यांतील घरांमधून फिरवायची, हे आराखड्यातच ठरवावे लागेल. गोठलेल्या जमिनीत मागाहून नळ टाकणे फार महागात पडते.