जमिनीत गाडलेल्या जिवंत बॉम्बचा शोध
बर्लिनच्या उत्तरेकडील ओरानियनबुर्ग शहरावर १५ मार्च १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी टाकलेल्या बॉम्बपैकी अनेक बॉम्ब न फुटताच जमिनीत रुतले. अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइडची चकती विरघळली की काही तासांनी स्फोट व्हावा, अशी त्यांच्या फ्यूजची रचना होती. मऊ मातीत बॉम्ब वळून त्यांचे टोक वर राहिल्याने अ‍ॅसिटोन चकतीपर्यंत पोहोचले नाही. आता या चकत्या जीर्ण होत असल्याने धक्का न लागताही स्फोट संभवतो. शोधासाठी युद्धकालीन हवाई छायाचित्रांवरून जागा हेरून जमिनीत छिद्रे घेतली जातात व त्यांत मॅग्नेटोमीटर सोडला जातो. पोलादी कवचामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक तो नोंदवतो. गाडलेले भंगार लोखंडही असाच संकेत देते. त्यामुळे अंतिम खात्री सावध उत्खननानंतरच होते.