एका जपानी तरवारीच्या मुठींतील लेख

गतवर्षीं पुण्याच्या जुन्या बाजारांत आम्हांस एक जपानी तरवार बाराशें रुपयांस मिळाली. मंडळाच्या सभेंत ती दाखवितांना आम्हीं तिचें वर्णन 'दुसऱ्या महायुद्धांतील कारखानी माल' असें केलें होतें. तें विधान चुकीचें होतें. तें आम्ही येथें मागें घेतों व त्याचीं कारणें देतों.

तरवारीचा साज जपानी सैन्यानें १९३८ सालीं अधिकाऱ्यांसाठीं ठरविलेल्या नमुन्याचा आहे. पितळी सामानावर चेरीचीं फुलें, पाकट माशाच्या कातड्यावर गुंडाळलेली फीत, कातडें चढविलेलें लांकडी म्यान. हा साज पाहून आम्हीं पात्याचें वय ठरविलें! पोथीचा पुठ्ठा नवा म्हणून संहिताही नवी, असें कोणी म्हटलें असतें तर आम्हीच त्यास हंसलों असतों. वस्तुतः कारखान्यांतील पात्यांबरोबर घराण्यांतील जुनीं पातींही लष्करी साज चढवून त्या युद्धांत नेलीं जात.

जपानी लोहार आपलें नांव मुठीच्या आंत दडणाऱ्या भागावर कोरतो. त्या भागास 'नाकागो' म्हणतात. मूठ बांबूच्या एका लहान खुंटीनें अडकविलेली असते. ती हलक्या हातानें ठोकून काढतांच काळसर गंज व त्यांत अंधुक अक्षरें दिसलीं. ताम्रपट चिंचेच्या पाण्यानें उजळण्याची आमची जुनी संवय. वाटी भरून ठेविलीही होती. सुदैवानें त्या रात्रीं दिवे गेले, आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या वाचनांत आलें कीं, हा गंज हाच पात्याच्या वयाचा मुख्य साक्षीदार असून तो कधींही घासूं नये. नवा गंज तांबूस व भुसभुशीत असतो. शतकांचा गंज काळसर, घट्ट व सर्वत्र सारखा. कोणीं मागाहून खोटें नांव कोरलें, तर गंजाचा थर तुटतो व अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहतात. येथें अक्षरांच्या तळाशींही तोच जुना गंज आहे.

पातळ कागदावर ठसा घेऊन चिनी लिपि जाणणाऱ्या एका स्नेह्यांच्या साह्यानें आम्हीं लेख लाविला. एका बाजूस 'बिशू ओसाफुने सुकेसादा'. दुसऱ्या बाजूस 'एइशो, वर्ष दहावें, आठव्या महिन्यांतील एक दिवस'. येथें बिशू म्हणजे बिझेन प्रांत, आजच्या ओकायामाचा भाग. ओसाफुने हें योशिइ नदीकांठचें तरवारकारांचें गांव. एइशो या कालगणनेचें पहिलें वर्ष इ. स. १५०४. जपानी वर्ष वर्तमान धरितात, गत नव्हे. म्हणून दहावें वर्ष १५१३, आपला शक १४३५. पोर्तुगीजांनीं गोवें घेतल्यास तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. आठव्या महिन्यावर मात्र फार भिस्त ठेवूं नये. बिझेनचे लोहार बहुधा दुसरा किंवा आठवाच महिना कोरीत, मग तरवार केव्हांही तयार होवो.

येथें उत्साहास आवर घातला पाहिजे. सुकेसादा हें एका व्यक्तीचें नांव नव्हे. तें अनेक पिढ्यांतील अनेक लोहारांनीं लाविलें. मागणीवरून घडविलेल्या उत्तम तरवारींवर प्रांत, गांव व 'योसोझाएमोन' यासारखें लोहाराचें स्वतःचें नांव, असा सविस्तर लेख आढळतो. आमच्यासारखा त्रोटक लेख बहुधा यादवीच्या काळांत ढिगांनीं घडविलेल्या मालावर असतो. पात्याची लांबी अवघी चोवीस इंच व नाकागो तोकडा, म्हणजे ही एका हातानें चालविण्याची साध्या लढवय्याची तरवार होय. तिची किंमत आम्हांस यामुळें कमी वाटत नाहीं.

तिच्या अखेरच्या धन्याविषयीं मात्र लिहितांना संकोच होतो. १९४५ सालच्या शरणागतीनंतर माउंटबॅटन यांच्या आग्रहावरून आग्नेय आशियांतील जपानी अधिकाऱ्यांनीं आपल्या तरवारी खालीं ठेविल्या. कित्येकांनीं नांव व पत्ता लिहिलेली पट्टी मुठीस बांधिली होती. ब्रह्मदेशाच्या मोहिमेंत मराठा पलटणीही होत्या. दुकानदारास पुन्हां गांठून विचारिलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, तरवार सातारा जिल्ह्यांतील एका दिवंगत शिपायाच्या घरून आली. मुठीस 'चिनी अक्षरांची एक कळकट चिंधी' होती; ती गिऱ्हाइकास बरी दिसेना म्हणून त्यानें काढून टाकिली, आणि पातेंही काचकागदानें घासलें! त्या घासण्यानें तरवारीचें पाणी झांकलें गेलें. ज्या खेकड्याच्या नांगीसारख्या आकृतींबद्दल सुकेसादांचें काम प्रसिद्ध आहे, त्या आतां मुठीजवळ दोन बोटें तेवढ्या दिसतात.

मुठीच्या टोकास रुप्याचें एक लहान कुलचिन्ह शिल्लक आहे. वर्तुळांत ओकाचीं तीन पानें. हें चिन्ह तिकडील अनेक घराणीं वापरतात. त्यावरून घर सांपडत नाहीं. चिंधी कोणत्या उकिरड्यावर गेली तें दुकानदारास आठवत नाहीं. लेखाचा ठसा मंडळाच्या दप्तरांत दिला आहे, आणि खुंटी होती तीच पुन्हां बसविली आहे.