मुलीचे मौन : केडगाव ते वढू

आपल्या वाङ्मयात ‘उदासीन’ हा शब्द दीर्घकाळ मानाचा होता. गीतेने तो भक्ताच्या लक्षणांत घातला आहे. सुखाने हुरळू नये, दुःखाने खचू नये, ही शिकवण विचारपूर्वक पत्करणाऱ्या प्रौढ मनुष्यास शोभते. परंतु जिने काहीच पत्करलेले नाही, जिच्यावर सर्व काही लादले गेले आहे, अशा तेराचौदा वर्षांच्या मुलीने बोलणे सोडले, जेवण कमी केले, कोपरा धरला, तर त्यास वैराग्य म्हणावयाचे की आणखी काही?

एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा घरांत ह्या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले होते. बालविधवेने केशवपन करावे, आलवण नेसावे, एकभुक्त राहावे, मंगलकार्यात समोर येऊ नये आणि वर मान करून बोलू नये, असा दंडक होता. त्या काळच्या मुलींस आजच्या वैद्यकातील रोगांची नावे चिकटविणे योग्य नव्हे. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अन्नावरील वासना उडणे, माणसांत न मिसळणे, कशातच गोडी न वाटणे, ही जी चिन्हे आजचा वैद्य काळजीपूर्वक टिपून घेईल, तीच त्या मुलीच्या बाबतीत सद्वर्तनाची कसोटी मानली जात होती. जेथे रूढीच मौन मागते, तेथे मौनामागची वेदना ओळखावयाची कोणी?

ती ओळखणारी स्त्री स्वतः त्याच वयात होरपळून निघाली होती. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान; पुराणे सांगत ते कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडत. दक्षिणेतील दुष्काळात ह्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. वडिलांनी पवित्र जलात देह ठेवावयाचे मनात आणले होते; मुलगा श्रीनिवास मिळेल ती मजुरी करण्यास सिद्ध झाला, तेव्हा तो बेत मागे पडला, अशी हकीकत रमाबाईंनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात दिली आहे. १८७४ साली आईवडील गेले आणि लवकरच थोरली बहीणही गेली. रमाबाईंचे वय तेव्हा सोळासतरा. १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पतीही वारल्यावर लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हा त्या अवघ्या तेवीसचोवीस वर्षांच्या होत्या.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविले. तेथे विधवा मुलींस लिहावाचावयास शिकवीत, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेथे मुलीस तिच्यासारख्याच दुसऱ्या मुली भेटत, ही गोष्ट शिक्षणाइतकीच मोलाची होती. घरात ती एकटीच अपशकुनी ठरलेली. येथे पाहावे तो सगळ्या तशाच, आणि म्हणून कोणीच तशी नाही! आठव्या वर्षी वैधव्य आलेल्या गोदूबाई ह्या सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनी. १८९३ साली प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कुटुंबात ‘बाया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या कर्त्या बाईंचे ‘माझे पुराण’ वाचणारास त्यांचा खणखणीत स्वभाव आढळून येतो.

मोठी कसोटी मात्र पुढेच होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगाचे निर्बंध असल्याने त्यांस शहरात ठेवणे अशक्य झाले. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर, आजच्या दौंड तालुक्यात, केडगाव म्हणून ठाणे आहे. तेथे घेतलेल्या शेतजमिनीवर ह्या मुलींची सोय करण्यात आली आणि १८९८ साली ‘मुक्ती’ ह्या नावाने संस्था उभी राहिली. पुढे गुजराथच्या दुष्काळातील मुलींचीही भर पडली. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांच्या वर गेली होती.

ह्यांतील कित्येकींनी आईबापांचे मरण डोळ्यांदेखत पाहिलेले. अशा मुलीस भाकरी दिली म्हणजे काम संपले, असे रमाबाईंनी मानले नाही. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलीच नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळ करणाऱ्या बनल्या; काल जिचे सांत्वन झाले, तीच आज दुसरीच्या उशाशी बसू लागली. शेती, दुभती जनावरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे नाना उद्योग तेथे चालत. हाताला काम, दिवसाला आखणी आणि रात्री जवळ कोणीतरी, ही व्यवस्था खर्च भागविण्यासाठी अवश्य होतीच. पण खचलेल्या मनासही तिचा आधार झाला असला पाहिजे.

ह्या चित्रास दुसरी बाजू आहे व ती झाकण्याचे कारण नाही. मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने तर कडाडून टीका केली. केडगावी धर्मोपासनेचा भर पुढे वाढतच गेला. दुःखितास आश्रय देताना त्याच्या श्रद्धेची दिशा आपण ठरवावी काय, हा त्यांच्या टीकाकारांचा प्रश्न गैर नव्हता. पण ह्या मुलींचे दुःख आधी कोणाच्या नजरेस आले, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलत नाही. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या. केडगावची संस्था अद्याप चालू आहे.

भीमेच्या काठाने वर गेल्यास शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक हे गाव लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९७२ साली डॉक्टर बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. रोगी रुग्णालयाकडे येण्याची वाट न पाहता रुग्णालयाने रोग्याच्या दारी जावे, आणि तेही गावातल्याच माणसांस शिकवून त्यांच्या हातून जावे, हे त्यांचे धोरण. पुढे किशोरवयीन व तरुण मुलींच्या आरोग्याचे व शिक्षणाचे कार्यही त्यांनी हाती घेतले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. डॉक्टर पुण्याचा असला तरी कोणत्या घरातली मुलगी आठ दिवस पाण्यावर दिसली नाही, हे शेजारणीसच प्रथम कळते. ह्या साध्या सत्यावर ते काम उभे होते.

शास्त्र आता बरेच पुढे गेले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्क्यांस कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. नैराश्य हा त्यांतलाच एक. त्यास उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. मात्र ह्या वयात तो खिन्नतेच्याच रूपाने येईल असा नेम नाही. मुलगा चिडचिडा होतो, अभ्यासात मागे पडतो, खेळ सोडतो, रात्री जागतो किंवा दिवसाही उठत नाही. डोके व पोट वारंवार दुखल्याची तक्रार करतो. असे दोन आठवडे रोज चालले, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देणे बरे नव्हे. जुन्या घराने जसे मुलीच्या मौनास शील म्हटले, तसेच आजचे घर परीक्षेच्या वर्षी खोलीत कोंडून घेणाऱ्या मुलास शहाणा म्हणते. दोन्हीकडे चूक एकाच जातीची आहे.

शाळेने हे काम करावे म्हटले, तर कोणी करावे? बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील शाळांत ह्याचा पद्धतशीर प्रयोग झाला व त्याचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. वैद्य नसलेल्या, पण ह्याच कामासाठी नेमून शिकविलेल्या समुपदेशकांच्या शाळांत मुलांचे नैराश्य कमी झाले. तेच काम शिक्षकांवर सोपविले तेथे तसा गुण दिसला नाही. शिक्षक नालायक होते असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्याच्या हाती गुण व शिक्षा आहेत, त्याच्यापाशी मूल मन उघडे करीत नाही, एवढाच त्याचा अर्थ असावा. केडगावच्या थोरल्या मुलींच्या हाती छडी नव्हे, तर त्याच दुःखाची ओळख होती.

मरणाचा विषय काढल्यास तो मुलाच्या मनात भरेल, ही समजूत निराधार आहे. शांतपणे विचारल्याने मूल बहुधा मोकळे होते. त्याने होकार दिला, तर त्यास एकटे सोडू नये व वैद्याकडे न्यावे. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर शासनाची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. आणि ऊस-कांद्याच्या ह्या मुलखात घराच्या पडवीत उघड्यावर राहणारा फवारणीच्या औषधाचा डबा त्याच दिवशी कुलपात टाकावा, किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी.